शेवटच्या ओळीतलं नाव

मुक्काम इचोडा

माय, तुले चंचलचा पाया पडून नमस्कार.

फोन बाबाच्या उशाशी असते, म्हणून ही चिठ्ठी. त्यायले वाचून दाखवू नोको.

माही काळजी करू नोको. ढाब्यावर ज्वारीची भाकर भेटते. काल नाटकात बाबानं रचलेलं पद मीच म्हटलं, लोकायनं वन्समोर घेतला. बाबाले एवढंच सांगजो.

पण बाबाच्या नावाची 'डोमाजी म्हणे' ही शेवटची ओळ नाटक कंपनीच्या मालकानं बदलली, माय. म्हणे, "डोमाजीले कोण ओळखते? 'दास म्हणे' असं गाय." मी भांडली, तर म्हणे गाणाऱ्या लय भेटतेत.

खेळ सुटल्यावर एका म्हाताऱ्यानं हात जोडून इचारलं, "बाई, हे दास कोणते संत? समाधी कुठं हाय त्यायची?"

बाबा पेज तरी घेतेत का? बोलाले जीभ उचलते का?

त्यायच्या कानाशी ते पद तू म्हण. तू गुणगुणते अन् शेवटच्या ओळीशी थांबते, नवऱ्याचं नाव कसं घ्यावं म्हणून. आता थांबू नोको, माय. ते नाव घेणारं दुसरं कोणी राह्यलं नाही.

तुही,
चंचल