चौघांची गाडी

२ मे
ठरलं. चौघं दोस्त, माझी गाडी, डोंगरातली तीन नॅशनल पार्क्स. लंबू, मास्तर, डॉक्टर (जनावरांचा) आणि मी. ग्रुपवर टाकलं. तिघांनीही लगेच अंगठा दाखवला.

५ मे
नियम पाठवले. गाणी माझी, कारण गाडी माझी. खिडकी उघडायची नाही. थांबा दहाच मिनिटांचा. मागच्या सहलीत लंबू पेट्रोल पंपावर जरा उशिरा आला, तर मी त्याला सोडून निघालो होतो. बऱ्याच पुढे गेल्यावर बाकीच्या दोघांनी गाडी वळवायला लावली. काय हसलो होतो! म्हणजे मी तरी. शिस्त नको का?

नियमांना अजून उत्तर नाही. पटले असणार.

९ मे
दुकान अर्धा दिवस बंद ठेवून स्वतःच्या गाडीची सीट कव्हरं शिवली. आयुष्यभर लोकांच्या गाड्यांची शिवली, आपल्याला आज मुहूर्त लागला. प्रत्येकाच्या सीटवर टोपणनाव भरलं. दुहेरी शिलाई, कडेला तांबडा दोरा. तो दोरा म्हणजे माझी सही, आख्ख्या शहरात दुसरं कोणी घालत नाही. मागच्याच महिन्यात डॉक्टरनेही शिवून घेतली. एकदम कशाला, विचारलं तर म्हणाला, असंच.

१३ मे
डॉक्टरकडे एक घोडी व्यायला झालीय. मास्तरचे पेपर तपासायचे राहिलेत. लंबूची कंबर धरलीय. एकाच दिवशी तिघांवर संकट! बिचारे. ताई म्हणाली, "अरे, त्यांना तुझ्याबरोबर यायचंच नसेल." ताईला मैत्रीतलं काही कळत नाही.

१७ मे, सकाळ
निघालो. एकट्याने जाण्यात वेगळीच मजा. लंबूच्या सीटवर स्टोव्हची बॅग ठेवली, तर गाडी पीं पीं करायला लागली. तिला वाटलं माणूसच बसलाय. बॅगेला पट्टा लावला, तेव्हा गप्प झाली.

संध्याकाळ
पहिलं पार्क. गेटवरच्या गार्डने विचारलं, किती जण. चार म्हणालो. त्याने आत डोकावलं. म्हटलं, बाकीचे मागून येतायत. चौघांचा तंबू उभा करायलाही चौघं लागतात, हे आज समजलं. गाडीतच झोपणार. पाठीला चांगलं असतं.

१८ मे
दरी अप्रतिम. "बघ रे," असं म्हणूनही गेलो. बॅगेला. दिवसभर माझीच गाणी, कोणाची कटकट नाही. दुपारी कंटाळून बंद केली. खिडकी उघडली.

१९ मे
दुसरं पार्क. पार्किंगमध्ये डॉक्टरची गाडी! तशा गाड्या ढिगाने असतात म्हणा, पण काचेतून आत बघितलं तर तांबडा दोरा. आनंदाने वेडा व्हायचा बाकी होतो. मला गाठायलाच आलेत, लेकाचे. माझी गाडी एका बसच्या पलीकडे होती, तिकडे जाऊन केस विंचरले.

तेवढ्यात तिघं धबधब्याकडून आले. लंबू सगळ्यांच्या पुढे, उड्या मारत. कंबर बरी दिसली. बसमागून हाक मारणार, इतक्यात मास्तर ओरडला, "पळा रे, नाहीतर सोडून जाईल!" तिघं पोट धरधरून हसले. मी बुटाची नाडी बांधायला खाली बसलो. बूट चेनचे आहेत.

गेले. मागच्या सीटवर लंबू एकटा पसरला होता. आणखी एक जण आरामात मावला असता. मीच शिवलंय, मला माहीत आहे.

२० मे
तिसरं पार्क राहू दे. परत निघालोय, रस्त्यात थांबून लिहितोय.

मला यायचं होतं रे. मागे बसलो असतो. गाणी तुमची लावली असती.

सकाळी बॅगेचा पट्टा काढला. तेव्हापासून गाडी पीं पीं करतेय. करू दे. घर येईपर्यंत कोणीतरी बोलतंय.