गुरम्माची भिंत

नवी वसाहत, ता. औसा, जि. लातूर
१९ एप्रिल १९९६

ती. दादा यांसी,
अयोध्येचा सा. न. वि. वि.

घाईत लिहितेय, अक्षरावरून बोलणी नकोत. तुम्ही नांदेडला निवडणूक शाखेत बसून कागद हलवता. त्या कागदांची अंमलबजावणी इथे ग्रामसेविका म्हणून मला करावी लागते, आणि या वेळी मी पुरती कात्रीत सापडलेय.

भूकंपानंतर बांधलेल्या या वसाहतीत सगळी घरं एका साच्यातली. चार महिन्यांपूर्वी माणसं राहायला आली तेव्हापासून म्हाताऱ्या बायका घरं चुकतात. गुरम्मा तर एकदा केवळाबाईच्या घरात शिरली, चूल पेटवली, आणि केवळाबाई आली तेव्हा तिलाच तू कोण गं म्हणून विचारलं. आम्ही पोट धरून हसलो. पण मागच्या महिन्यात ती भर दुपारी ओळीओळीने फिरली आणि चक्कर येऊन पडली. तिचा मुलगा, सून, दोन्ही नाती भूकंपात गेल्या. उरला तो उदगीरचा पुतण्या, बसलिंगप्पा. माणूस चांगला आहे. त्याने सांगून टाकलंय की पुन्हा घर चुकली तर काकूला कायमची घेऊन जाणार. गुरम्मा म्हणते, माझी माणसं या शिवारात पुरलीत, मी न्हाई हलणार.

गेल्या आठवड्यात आपल्या कंधारचा महेबूब पेंटर अपक्षांच्या निशाण्या रंगवायला आला. गुरम्माने त्याच्याकडून छत्री काढून घेतली, केवळाबाईने कपबशी, दानम्माने शिडी. उमेदवार कोण, एकीलाही ठाऊक नाही. पण त्या दिवसापासून कुणी घर चुकलं नाही! आणि काल हुकूम आला. घरं अजून लोकांच्या नावावर झालेली नाहीत, म्हणजे भिंती सरकारी. निशाण्या गुरुवारपर्यंत पुसा, शुक्रवारी नायब तहसीलदार पाहणीला येतील.

पुसल्या तर गुरम्मा जाते, नाही पुसल्या तर माझी नोकरी. लवकर सुचवा.

तुमची लेक लातूरला मजेत आहे. तिथे कोचिंगवाल्यांनी एक भिंत मोकळी ठेवलेली नाही, त्यांना मात्र कुठली आचारसंहिता नाही.

ऊन वाढतंय, लोभही तसाच वाढू द्यावा.
आपली, अयोध्या

नांदेड
२२ एप्रिल १९९६

चि. सौ. अयोध्या हिस,
व्यंकटचे अनेक आशीर्वाद.

आधी निशाण्या पूस. यात दयामाया नाही, आणि सवलत मागायला तहसिलीत जाऊ नकोस. निलंबनाचा कागद सवलतीच्या आधी निघतो. मात्र घराची ओळख पटावी म्हणून ग्रामपंचायतीने ठराव करून खूण काढली, आणि ती निवडणूक चिन्हांच्या यादीत नसली, तर आडवं येणारा नियम मला तरी सापडला नाही. तीन वेळा वाचून पाहिलं. यादी सोबत जोडली आहे. तिच्यातलं काही चालणार नाही.

महेबूबला मी ओळखतो. निरोप पाठवला आहे, तो येईल. तुझी वहिनी म्हणते, अयोध्या लहानपणीही दुसऱ्यांची भांडणं घरी आणायची. मी म्हटलं, म्हणून तर ती ग्रामसेविका झाली.

जेवणवेळा सांभाळ, आणि आमच्यावर राग असला तरी पत्र टाक.
तुझा, दादा

नवी वसाहत
२७ एप्रिल १९९६

ती. दादा यांसी,
सा. न. वि. वि.

तुमची यादी मी बायकांना पारावर वाचून दाखवली आणि फजितीच झाली. दानम्मा घागर म्हणाली, घागर यादीत. शिलाई मशीन, यादीत. पतंग, झोपडी, टेबल, शिट्टी, सगळं यादीत! भूकंपानं ठेवलं ते या कागदानं नेलं की, असं केवळाबाई म्हणाली तेव्हा मला हसावं की रडावं कळेना.

महेबूब भाई तुमचा निरोप मिळताच आले. आपणच काढलेली चित्रं आपल्या हाताने पुसताना त्यांचं तोंड उतरलं होतं, पण चुन्याचा हात असा फिरवला की खाली काय होतं याचा मागमूस राहिला नाही. खरा कारागीर! मग ठराव झाला. शोधून शोधून दानम्माला सूप मिळालं, केवळाबाईला जातं, कुणाला उखळ, कुणाला पाळण्यावरचा राघू.

शेवटी गुरम्माने विचारलं, ओळीतल्या सगळ्या घरांवर काही ना काही येणार का? हो म्हटल्यावर म्हणाली, मग माझी कोरी ठेवा. मी समजूत घालायला लागले तर उलट मलाच विचारलं की कोऱ्या भिंतीला पुसायला कोण येणार? दादा, मी बी. ए. झालेली, तुम्ही पंधरा वर्षं निवडणूक शाखेत, आणि आपल्या दोघांना हे सुचू नये? मला त्या बाईचा इतका अभिमान वाटला की मी तिच्या पायाच पडले.

शुक्रवारी साहेब आले, ठराव वाचला, सुपाकडे संशयाने पाहिलं, यादीशी ताडलं आणि सही केली. गुरम्माची भिंत मात्र त्यांनी आदर्श म्हणून वहीत लिहून घेतली.

वहिनींना नमस्कार. माया पातळ करू नये.
आपली, अयोध्या

नांदेड
१ मे १९९६

चि. अयोध्येस,
आशीर्वाद.

तुझं पत्र मी शाखेत मोठ्याने वाचून दाखवलं. आमचे साहेबसुद्धा टेबलावर थाप मारून हसले. माझी बहीण आहे असं दोनदा सांगितलं. एकदा पुरलं असतं, पण राहवलं नाही.

एक काळजी आहे. बाकीच्यांना चित्र शोधायचं आहे, म्हातारीला चित्र नसलेलं घर शोधायचंय. गर्दीत जमेल का तिला? खरं काय ते कळव. आमची आठवण असू दे.
तुझा, दादा

नवी वसाहत
९ मे १९९६

ती. दादा यांसी,
सा. न. वि. वि.

तुमची काळजी खोटी नव्हती. मतदानाच्या दिवशी बसलिंगप्पा उदगीरहून रिकामी पिशवी घेऊनच आला होता, काकूचं लुगडं-पातळ भरायला. मतदान शाळेत, वसाहतीच्या दुसऱ्या टोकाला. गर्दी लई होती.

गुरम्मा बोटाला शाई लावून बाहेर आली आणि निघाली. बसलिंगप्पा हात धरायला धावला, त्याला मीच अडवलं. आम्ही दोघं मागे मागे. उखळाचं घर गेलं, राघूचं गेलं. सुपापाशी ती थांबली. बसलिंगप्पाने माझ्याकडे पाहिलं. दानम्माचं दार उघडं होतं आणि ही आत डोकावत होती. मग ओरडली, कुत्रं शिरलंय गं तुझ्या घरात! कुत्र्याला हाकललं, आणि पुढे चालू लागली. जात्याच्या पलीकडे कोरी भिंत आली. तिच्यावर तिने हात फिरवला, कमरेची किल्ली काढली, कुलूप उघडलं.

बसलिंगप्पा डोळे पुसत उभा होता. गुरम्माने उंबऱ्यातून त्याला हाक मारली, आलाच हायस तर चहा पिऊन जा म्हणाली; उदगीरची गाडी चारला हाय.

आपली लाडकी,
अयोध्या