डावा शॉकअप

सोमवार, संध्याकाळ. सर्वण

गाडी तयार होती, तरी डिचोलीच्या गॅरेजमध्येच ठेवून आले. बरं केलं का? कळत नाही.

मेकॅनिक दामूदादाने झिजलेले ब्रेक पॅड माझ्या हातावर ठेवले. "हल्ली गाडी कोण चालयता गो? पॅड इतक्यात कशे झिजले? डावो शॉकअप पण गेलो हा."

बाबाच चालवतात, म्हटलं. त्याला पटेना. बाबांनी जन्मभर खाणीचे ट्रक चालवले, अवघड उतारसुद्धा गिअरवर उतरवले. "सारखो ब्रेक मारता तो डायवर कच्चो," हे त्यांचंच बोलणं.

परवा आमोण्याला जाताना डावं चाक सारखं खड्ड्यात आपटत होतं. मी रस्त्याला शिव्या दिल्या. बाबा तशीच गाडी हाकत राहिले. खड्डे चुकवत नव्हते, की दिसतच नव्हते? डावा शॉकअप... म्हणजे डावा डोळा? आणि उद्यापासून ते माझ्या मनूला शाळेत सोडणार होते!

घरी येऊन खोटंच सांगितलं, "एक पार्ट मिळाला नाही, गाडी आठवडाभर तिथेच राहील." वाटलं, आता चिडतील, दामूला फोन लावतील. साधा नट बदलला तरी जुना मागून घेणारा माणूस.

"बरां," एवढंच म्हणाले.

कुठला पार्ट, ते विचारलंच नाही.