सूर्यमाळच्या बुधाचे डोळे

२ फेब्रुवारी १९१३, रविवार. जव्हार.
उपासना चालू असताना बुधा आत आला. सूर्यमाळखालच्या पाड्यावरचा म्हातारा, चार वर्षं दोन्ही डोळ्यांनी आंधळा. एरवी सून काठी धरून पुढे चालते, आज ती मागून येत होती. म्हाताऱ्याने उंबऱ्यावर पाय नीट उचलून टाकला, ते मी पाहिलं. पाद्रीसाहेबांसमोर उभा राहून म्हणाला, बायनं खळ्यावर येसूची गोष्ट वाचली, आठव्या दिशी मला उजेड आला. साहेब गुडघ्यांवर बसले. रडले. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले.

गोष्ट मीच वाचली होती, जानेवारीत. जन्मांधाच्या डोळ्यांना चिखल लावून प्रभू त्याला तळ्यावर धुवायला पाठवतो ती. पण मला रडू आलं नाही. इथे येण्याआधी सहा वर्षं डोळ्यांच्या वॉर्डात पट्ट्या बांधल्या आहेत. पिकलेला मोतीबिंदू आपोआप विरघळत नाही.

३ फेब्रु.
सकाळी बुधाला पडवीत उन्हाकडे तोंड करून बसवला. डावा डोळा दिवाळीत पाहिला होता तसाच, पांढरा. उजव्याची बाहुली स्वच्छ काळी. बोटं धरली, मोजली त्याने. अंधुक, पण दिसतं. बुबुळाच्या बाहेरच्या अंगाला पांढऱ्यात मोहरीएवढा डाग. मी आणखी वाकले तसं त्याने तोंड फिरवलं. बाबा, इथे काय लागलं? तर म्हणे काटा लागला असंल. सून जैती जमिनीकडे बघत होती.

काट्याने असा डाग पडत नाही. जानेवारीत मी वाचत होते तेव्हा म्हातारा फडकं डोळ्यांवर ओढून बसला होता, हे आता आठवतं. तेव्हा वाटलं, थंडी.

५ फेब्रु.
सा. विलायतेला पत्र लिहीत आहेत, चमत्काराची हकीकत. साक्षीदार म्हणून माझी सही हवी. म्हटलं, डावा अजून पांढराच आहे. सा. म्हणाले, बेथसैद्याच्या आंधळ्यावरही प्रभूने दोनदा हात ठेवले होते, पहिल्यांदा त्याला अंधुकच दिसलं. सा. ना उत्तर कधी कमी पडत नाही. डोकं दुखतं म्हणून सही टाळली. डोकं दुखत नव्हतं.

ईस्टरला बुधाचा आणि जैतीचा बाप्तिस्मा ठरला. मला विचारलं नाही. विचारायचं कारणही नाही म्हणा.

९ फेब्रु., रवि.
आमच्या मिशनच्या शाळेत माणूस मावेना. पार वावर गावाकडून लोक आलेले. कोणाचा हात लुळा, कोणाच्या गळ्याला गाठ, एकीला मूल नाही. वाचायला मीच हवी, सा. नकोत. वाचलं. वाचताना प्रत्येकाकडे बघून मनात एकच, ह्याचं दुखणं खरं कुठलं, आणि हा काय लपवतो आहे. असं मन ठेवून देवाचं वचन हातात घ्यावं का...

दारात दरबारचा शिपाई उभा होता. दुपारी संस्थानच्या कारभाऱ्यांकडे बोलावणं. शाळेला जागा दिली ती गोंधळ न करण्याच्या बोलीवर, याची आठवण दिली. मग विचारलं, म्हाताऱ्याच्या डोळ्यांत काय घातलंत. म्हटलं, मी काही घातलं नाही. कारभारी अजिबात रागावले नाहीत. म्हणाले, "मग कोणी घातलं, ते तुम्हांलाही कळायला हवं."

माझ्या मनातलंच बोलले, म्हणून जास्त लागलं.

१३ फेब्रु. सूर्यमाळखालचा पाडा.
काल मोखाड्यापर्यंत गाडी, आज पायी चढ. सा. ना सांगितलं, बायकांना वाचून दाखवायला जाते.

झऱ्याचं पाणी आत्ताच आटत आलंय. जैतीबरोबर गेले. वाटीवाटीने हंडा भरेपर्यंत बसावं लागतं. तेवढ्या वेळात तिने आपणहूनच सांगितलं. मोखाड्याच्या बाजारात एक फिरता वैदू आला होता. त्याने बुधाला उन्हात बसवला, डोकं मागून धरायला लावलं आणि उजव्या डोळ्यात सुई घालून मोतीबिंदूचा पडदा खाली सारला. एक कोंबडा घेतला. पंधरा दिवस बांधून ठेवा म्हणाला आणि पुढच्या बाजाराला गेला तो गेलाच. पंधरा दिवसांनी सोडलं तर काही दिसेना. नुसतं लाल. उजेड टोचायचा. म्हातारा फडकं ओढून कोपऱ्यात बसून राहिला, जेवायला उठेना. मग मी खळ्यावर येऊन वाचलं. त्यानंतर रोज थोडं थोडं निवळत गेलं आणि आठव्या दिवशी त्याने जैतीला तिच्या लुगड्याचा रंग सांगितला.

मी विचारलं, मग सुईचं का नाही सांगितलं? म्हणाली, बाबाला भ्या वाटतं. सुईचं कळलं तं येसू म्हणंल हे माझं काम नाय, आणि दिलेलं परत नेईल.

हंडा भरला होता तरी ती उठली नाही. "कोणी केलं, बाय? तूच सांग."

मला कारण ठाऊक आहे. सुईने आत रक्त उतरतं, ते विरायला तीन-चार आठवडे लागतात. मी वाचलं नसतं तरी विरलंच असतं. एवढं सोपं होतं सांगायला. सांगितलं नाही.

१४ फेब्रु.
बुधाला सांगितलं की सुईचं मला कळलं आहे. तो म्हणाला, साहेबाला सांगशील? म्हटलं, सांगावं लागेल. त्याने नुसती मान हलवली.

नंतर स्वतःच बोलत सुटला. पहिल्या दिवशी काय काय दिसलं ते. नातीचं तोंड, ती त्याच्या आंधळेपणातच जन्मली. शेजारच्याचा बैल. आणि म्हणाला, उतारावरून माणसं येत होती ती मला झाडंच वाटली, चालणारी.

मी चमकले. बेथसैद्याचा आंधळा हेच बोलतो, पण ती गोष्ट मी ह्या पाड्यावर कधी वाचली नाही. सा. नी सांगितली असेल. जैतीला बाजूला घेऊन विचारलं. नाही म्हणाली. पुन्हा विचारलं. सा. बुधाशी बोलले ते रडून प्रार्थना करण्यापुरतंच, आणि तेही इंग्रजीत.

पडदा सारलेल्या डोळ्याला असंच दिसतं, हे मी वॉर्डात शंभरदा ऐकलं आहे. कडा नसलेली उभी माणसं. मग ती गोष्ट ज्याने लिहिली त्याने असल्या डोळ्याच्या माणसाचं बोलणं कानांनी ऐकलं असणार. घरी बसून रचणारा एका झटक्यात बरा करून मोकळा होतो, हे अर्धवट दिसणं त्याला सुचत नाही. इतकी वर्षं ती गोष्ट वाचून दाखवते आहे. पहिल्यांदाच वाटलं की ती घडली असेल.

इतकी वर्षं मग काय वाटत होतं?

१६ फेब्रु., रवि. जव्हार.
उपासनेनंतर सा. ना सगळं सांगितलं. पत्र मात्र मंगळवारीच गेलेलं. माझी सही नव्हती, पण नाव आहे. सा. अगदी हळू म्हणाले, "सगुणाबाई, विश्वास ठेवायची तुम्हांला इतकी भीती का वाटते?"

प्लेगात हे गेले तेव्हा सा. आणि मी तीन दिवस खाटेपाशी गुडघ्यांवर होतो. सा. ना ते आठवत असणारच. तरी विचारलं.

मला बोलायचं होतं ते वेगळंच, ते मी नंतर बोलले. सुई घातलेले डोळे मी पाहिले आहेत. काही दिवस दिसतं, मग आत सूज चढते आणि बहुतेकांचा डोळा जातो. वेळेत दवाखान्यात नेलं तर निदान डाव्यातला मोतीबिंदू नीट कापून घेता येईल. सा. म्हणाले, विचार करतो. चमत्कार झालेला माणूस दवाखान्यात, लोक काय म्हणतील, हाच तो विचार. बोलले नाहीत, मला दिसला.

की माझ्याच मनात आहे तो?

३ मार्च.
बुधा एकटाच चालत आला. वाट दिसते ते दाखवायलाच आला असावा. दोन मुक्काम करत आला. डोळा लाल आहे, कपाळ दुखतं. म्हणाला, चुलीचा धूर. बोरिकच्या पाण्याने धुतला. धूर नाही हा.

नाशिकच्या डॉक्टरीणबाईंना पत्र टाकलं. सा. ना दाखवून टाकलं.

११ मार्च.
बाईंचं उत्तर. ताबडतोब आणा.

बुधा अजून इथेच. त्याला सांगितलं तर ऐकेना. म्हणाला, येसूनं दिलेला डोळा डाक्टरला दाखवला तं त्याला काय वाटंल. म्हटलं, बाबा, त्या गोष्टीतल्या आंधळ्याला येसूनेच तळ्यावर पाठवलं होतं की नाही? धुवायला? तो म्हणाला का, तुम्हीच काय ते करा, मी कुठे जात नाही?

बुधा विचारात पडला. हा मुद्दा मी त्याला हलवण्यापुरता काढला होता. बोलून झाल्यावर वाटलं, खराच आहे.

"होळी झाली का जाऊ," म्हणाला. चार होळ्या त्याने नुसत्या ऐकल्या आहेत. दहा दिवसांत काय होईल ते मला माहीत होतं. तरी हो म्हटलं.

२१ मार्च, उत्तम शुक्रवार.
यंदा होळी आणि प्रभूच्या मरणाचा उत्तम शुक्रवार लागून आले. उपासनेला आम्ही पाच जण. बाकी सगळे आपापल्या पाड्यावर. सा. नी वधस्तंभावरचे शब्द वाचले, आवाज बसलेला.

नंतर म्हटलं, मी निघते, होळी होताच त्याला नाशिकला नेते. ईस्टर रविवार आहे, म्हणाले. बाप्तिस्मा ठरला आहे. म्हटलं, पाणी पुढेही आहे, डोळा नसेल. असं मी सा. ना कधी बोलले नव्हते.

सा. आत गेले. परत आले ते गाडीवानाला घेऊन. स्वतःची गाडी, स्वतःचे बैल. म्हणाले, दुसरं पत्र लिहितो, सुईचंही त्यात लिहितो. लिहितील बहुतेक. मी पाहिलेलं नाही.

२२ मार्च. पाडा.
गाडी खाली मोखाड्यातच ठेवली. तिन्हीसांजेला होळी पेटली. बुधा जैतीच्या खांद्यावर हात ठेवून अगदी पुढे उभा. डोळा सुजलेला, सारखं पाणी. तरी मिटेना. एकदम माझा हात धरला. आगीभोवती रंगाचं कडं आहे म्हणाला. हिरवं, तांबडं, गोल. सगळ्यांना दिसतं का? जैती म्हणाली, मला नाय दिसत.

"मंग मलाच दाखवलं," बुधा म्हणाला.

असं कडं कशाने दिसतं ते मला माहीत आहे. डोळा आतून ताणला की दिव्याभोवती दिसतं. वाईट लक्षण. वॉर्डात कोणी असं बोललं की आम्ही धावत डॉक्टरांना बोलवायचो. इथे मी उभी राहिले. त्याच्या तोंडावर जे होतं ते मी कुठल्याही उपासनेत, कोणाच्याही तोंडावर पाहिलेलं नाही. सा. त्याला प्रभूचं गौरव म्हणतील. मी काय म्हणू? रोगाने दिसलं म्हणून ते...

उजाडताच निघायचं.

२३ मार्च, ईस्टर.
दिवसभर गाडीत, त्र्यंबकच्या वाटेवर. बुधाला दोनदा उलटी. जैतीने त्याचं डोकं मांडीवर धरलं आहे. आज ईस्टर आहे हे दुपारी ध्यानात आलं. कोणाला सांगितलं नाही.

२६ मार्च. नाशिक.
काल पोहोचलो. आज दाखल करून घेतलं. नर्स विचारत होती, आधी कोणाचा उपचार. मी तोंड उघडणार तोच बुधा बोलला. "वैदूचा हात लागला. मंग येसूचा." इतके दिवस लपवलेलं, अनोळखी बाईला सरळ सांगून टाकलं. नर्सने माझ्याकडे बघितलं. म्हटलं, सांगतो तसं लिहा. तिने काहीतरी लिहिलं. काय ते दिसलं नाही.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उजव्याचं सांगता येत नाही, ताण उतरवायचा प्रयत्न करू. डावा परवा कापू. उशीर झाला का, विचारलं. त्या म्हणाल्या, थोडा. होळीचं सांगितलं नाही.

२८ मार्च, शुक्रवार.
डावा कापला. अर्धा तासही लागला नाही. बुधा हूं की चूं नाही. आता दोन्ही डोळ्यांवर पट्टी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. हलायचं नाही, खोकायचं नाही. उजव्याबद्दल बाई अजूनही काही बोलत नाहीत. विचारलं तर दुसरंच बोलतात. डॉक्टरांचं हे मला चांगलं माहीत आहे.

संध्याकाळी बुधा म्हणाला, बाय, वाच काहीतरी. कोणती वाचू? म्हणाला, कोणतीबी. पण डोळ्याची नको.

पानं चाळत बसले. शेवटी वादळाची काढली. शिष्य होडीत आहेत, वारा सुटला आहे, होडीत पाणी भरतंय आणि प्रभू मागच्या बाजूला उशीवर झोपलेला. इथवर वाचलं आणि नर्स आली, वेळ संपली म्हणाली.

पट्टीखालून बुधाने विचारलं, मंग तो उठला का?

उद्या वाचते म्हटलं. जैती पायाशी बसून होती, तिनेही विचारलं. तिलाही उद्याच म्हटलं.

पट्टी सुटायला अजून सात दिवस.