खोक्यातला करंट

२ फेब्रुवारी १९७५, रविवार. मेडशी

खोकं आलं. अकोल्याहून एस.टी.च्या टपावर. हमाल आणि देविदास भाऊजींनी उतरवलं. ह्यांनी बेस गिटार लेकराला घ्यावं तशी छातीशी धरलेली. मुंबईच्या कुठल्याशा ऑर्केस्ट्राने टाकून दिलेला विलायती माल. खाली स्पीकर, वर आवाज वाढवणारं व्हॉल्व्हचं मशीन, सगळं एकाच पेटाऱ्यात. पेटी म्हटलं तर लोकांना हार्मोनियम वाटते, म्हणून आम्ही खोकंच म्हणतो.

भाऊजी म्हणे, "वहिनी, ढोलकीवाल्या गाण्याच्या पार्ट्या गल्लोगल्ली हायेत. बेसवाली आपलीच."

सं. लावून पाहिलं. ह्यांनी एकच तार छेडली, फळीवरची भांडी वाजली. शेजारच्या पारबताबाई धावत आल्या, "काय पडलं वं?" सगळे हसले. मीही.

मशीनच्या पत्र्याला माझा हात लागला, मुंग्या आल्या. ह्यांना सांगितलं तर म्हणे, "विलायती हाय, थोडं येतेच."

९ फेब्रु., रविवार

शाळेला सुटी, म्हणून सकाळपासून ह्यांनी खोकं उघडून स्वयंपाकघरात पसरलं. पोळ्या चुलीवर, मशीन पाटावर. खेड्यातल्या लाइटाने फ्यूज सारखा उडतो, तर फ्यूजच्या जागी जाड तार घातली. मागची पाटी काढून टाकली, हवा लागावी म्हणून. स्पीकर बदलून मोठा बसवला. मैदानात आवाज पोचला पाहिजे म्हणे.

मी झाडू मारायला जवळ गेले तर ओरडले, "हात नको लावू. प्लग काढला तरी आत करंट राह्यते." मग पेचकस आत घालून दाखवला. चट्ट झालं, निळी ठिणगी.

बंद आहे, वायर गुंडाळून ठेवलीय, तरी आत आहे. आणि ते आमच्या खाटेच्या पायथ्याशी.

१९ फेब्रु., बुध.

दवाखान्यात माझी नर्सची ड्यूटी. दु. बैलगाडीतून एक माणूस आणला. विहिरीवरची मोटार सुरू करताना चिकटला. डॉक्टर अकोल्याला गेलेले. छाती दाबली, तोंडाने श्वास दिला, खूप वेळ. काही नाही. तळहातावर एक पांढरी खूण, डाळीएवढी, कडा कडक. बाकी अंगावर ओरखडा नाही. त्याची बायको सारखी म्हणत होती, "झोपलाय व्हय, बाई?"

घरी आले तर हे खोक्यापुढे मांडी घालून, तोंडाने ढूम ढूम करत.  पाणी प्यायले.

२ मार्च, रविवार

पहिला प्रोग्रॅम, आपल्या इकडच्या मालेगावच्या अलीकडे. माइक मंडपवाल्याच्या मशीनवर, गिटार आपल्या खोक्यावर. भाऊजी आणि मी गाणार, हे मागे. लोक खूश. बेस सुरू झाला की म्हातारे छातीला हात लावून बघत.

दुसऱ्या गाण्यात मी सरकत सरकत ह्यांच्याजवळ गेले. पाठ खोक्याच्या पत्र्याला टेकली आणि ओठ माइकला. सुई टोचल्यासारखं झालं. सूर तुटला. पुढचं सगळं चार बोटं लांब राहून गायले.

परतताना जीपमध्ये सांगितलं. हे म्हणे, प्लग उलटा बसला असंन, सुलटा केला की जाते. उलटा-सुलटा कसा ओळखायचा, विचारलं. "झटका लागला की उलटा." भाऊजी हसले.

१६ मार्च, रविवार. शिरपूर

लिहायचं नाही असं ठरवलं होतं. लिहिते.

शिरपूरला ऊन उतरताना सुरू केलं. माझं गाणं चालू होतं. ह्यांच्या पुढचा माइकचा स्टँड कलला. डावा हात तारांवर होता, उजव्याने त्यांनी स्टँड धरला. बेस थांबला.

वळून पाहिलं. उभे होते. तोंड उघडं. डोळे माझ्याकडे, पण मला बघत नव्हते. खांद्यापासून थरथर. पुढच्या पोरांना वाटलं नाचून राह्यले. शिट्ट्या. ढोलकी चालूच.

मी धावले आणि हात पुढे केला, आणि थांबले. शिकवलंय आम्हाला, चिकटलेल्याला धरायचं नाही. ते थांबणं किती वेळाचं होतं, कळत नाही. मग खोक्यामागची वायर दिसली. दोन्ही हातांनी ओढली, बोर्डासकट उपटून आली.

ते खाली बसले, पाय गेल्यासारखे. मी नाडी धरली. होती. वेडीवाकडी, पण होती. पहिलं काय बोलले तर, "गिटार फुटली काय?"

डाव्या हाताच्या दोन बोटांवर तारांचे चटके. उजव्या तळव्यावर पांढरी खूण.

ती खूण मी ओळखते.

१७ मार्च, सोम.

डॉक्टरांना दाखवलं. नळी लावून बराच वेळ ऐकलं. "ठोका मधेच चुकतो. बसेल हळूहळू. अकोल्याला दाखवून या." हे म्हणे, बरं. बाहेर आल्यावर म्हणे, "अकोल्याले कायले जायचं, चांगला तं हावो."

शाळेत गेलेसुद्धा. फळ्यावर डाव्या हाताने लिहितात, ते आज उजव्याने लिहून आले.

२७ मार्च, गुरु.

पहाटे, ते झोपेत असताना मनगट धरते. चालते, चालते, आणि एक जागा रिकामी. त्या रिकाम्या जागेत माझा श्वास थांबतो. मग पुन्हा चालते. रोज. उठले की मनगट सोडते आणि चहा ठेवते.

खोक्यावर चादर टाकलीय. दोघंही त्याला वळसा घालून जातो. काल मांजर वर जाऊन बसलं तर दोघांनी एकदमच हाकललं. मग एकमेकांकडे पाहिलं नाही.

मला वाटलं होतं भीती माझी एकटीची.

१ एप्रिल, मंगळ.

भाऊजी आले. चौदा एप्रिलला, जयंतीला, मालेगावच्या मैदानात आपला प्रोग्रॅम ठरवला. विचारलंही नाही.

मी म्हटलं, बेसशिवाय करा. ते म्हणे, "वहिनी, लोकं बेसच आयकाले येतीन. एवढ्या वर्षांत आपल्या वस्तीच्या मंडपात असा आवाज कोनी आनला व्हता काय? दादा, तूच सांग."

ह्यांनी खोक्यावरची चादर बाजूला केली. मग म्हणाले, "खोलून पाहतो."

मी उठून आत गेले. भाऊजींचा राग येत नाही, तेच वाईट. ते म्हणतात ते खरं आहे. मलाही तो आवाज आवडतो.

६ एप्रिल, रविवार

उघडलं. ह्यांचा पेचकस पत्र्यावर टकटक वाजत होता. मी खाटेवर बसून, हातात लाकडी मुसळ. काही झालं तर ढकलायला. त्यांनी मुसळाकडे पाहिलं, हसले नाहीत.

दोष सापडला. लाइटच्या वायरीपासून पत्र्याला एक बारीक कंडेन्सर, करंट अडवणारा, जोडलेला, काळा पडून फुटलेला. त्यातून सगळा करंट पत्र्यावर, पत्र्यावरून तारांवर. "म्हंजे मी एका हाती लाइटची तार अन् दुसऱ्या हाती जमीनच धरून उभा व्हतो." 

मग तो कापून टाकला. फ्यूज परत खरा बसवला. दोन पायांचा प्लग काढून तीन पायांचा लावला, तिसरी वायर पत्र्याला झाळली, करंट जमिनीत उतरावा म्हणून. पण गावागावात तिसऱ्या भोकात काही नसतंच, नुसतं भोक. म्हणून लोखंडी सळई, मंडपाशेजारी जमिनीत ठोकायची, मीठपाणी ओतायचं, वायर तिला बांधायची. मागची पाटी परत ठोकली.

टेस्टर आणलाय. उघड्या भागाला लावला, करंट असला तर आत दिवा लागतो. लागला नाही.

मी विचारलं, "आता भेव नाइ?"

"मशीनचं नाइ," म्हणाले. 

१४ एप्रिल, सोम. मालेगाव

मिरवणूक आली, मैदान भरलं. सळई ठोकली, पाणी ओतलं. टेस्टर आधी बोर्डात लावून पाहिला, दिवा लागला. मग तारांना, नाही. माइकला, नाही. पुन्हा बोर्डात. पुन्हा तारांना. मंडपवाला म्हणे, "बाई, सुरू करा आता."

हे स्टेजमागे पाणी पीत होते. गिटार खुर्चीवर. टेस्टर खरं सांगतो की नाही, कोणास ठाऊक. दिवा न लागणं म्हणजे काय, नुसता अंधारच ना.

एका हाताने माइक धरला. दुसरा तारांजवळ नेला. बोटं जाईनात. त्या बाईचं आठवलं, झोपलाय व्हय बाई.  मग मुठीत तारा धरल्या.

थंड. बाकी काही नाही.

खोक्यातून ढूम आलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं सुरू झालं. हे आले, गिटार उचलली. पहिली तार छेडताना डोळे मिटले त्यांनी. मग उघडले. मी माइकच्या जवळ जाऊन गायले, पहिल्यासारखी, ओठ टेकवून.  

३० एप्रिल, बुध.

आणखी प्रोग्रॅम झाले. दर वेळी तेच. टेस्टर, मग हे दुसरीकडे असताना माझा हात. वाटलं होतं, सवयीने भीती जाईल. जात नाही. उलट दरवेळी वाटतं, मागच्या वेळी निभावलं, आता ह्या वेळी.

ह्यांना माहीत नाही. पहाटेची नाडीही माहीत नाही. रिकामी जागा कमी झालीय, गेली नाही. अकोल्याचं नाव काढलं की ताटावरून उठतात.

१२ मे, सोम.

आज भांडण. मी म्हटलं, पौर्णिमेच्या प्रोग्रॅमआधी अकोल्याला चला, नाहीतर मी गाणार नाही. म्हणाले, "डॉक्टर म्हनंन वाजवू नको, तं मंग?"

मी म्हटलं, "तं नका वाजवू."

"मंग मी कोन? पोराइले पाढे शिकवनारा मास्तर, बस?"

 संध्याकाळी भाकरी त्यांनीच वाढून घेतली. मलाही वाढली.

२५ मे, रविवार. बुद्धपौर्णिमा

शिरपूरला प्रोग्रॅम. त्याच मैदानात.

सकाळी तयार झाले होते, पांढरी साडी नेसून. तेवढ्यात दवाखान्यातून निरोप. पहिलटकरीण, मूल आडवं, डॉक्टर रजेवर. मला जाता येणार नाही.

जीप दारात उभी, भाऊजी खोकं चढवत होते. मी ह्यांना आत बोलावलं आणि सांगून टाकलं. तुमच्या आधी मी धरते. मालेगावपासून. दर वेळी.

ते उंबऱ्यावर बसले. माझ्या हातांकडे बघत. मला वाटलं, रागावतील.  मग हळूच, भाऊजींना ऐकू जाऊ नये असं,

"मंग आज कोन धरंन?"

टेस्टर त्यांच्या खिशात घातला. म्हटलं, बोर्डात आधी लावून बघा. मान हलवली. नका जाऊ, असं म्हणायचं होतं. बाहेर भाऊजींनी हाक मारली. गेले.

दु. चार, दवाखाना. बाईच्या कळा वाढल्यात, मूल वळतंय असं हाताला लागतंय. आता कळ थोडी थांबलीय म्हणून लिहितेय. उन्हं उतरली की तिकडे सुरू करतील.

बाई हाक मारतेय.