भोपळ्यांच्या खोलीतला पारा

३ मार्च
मागची खोली आजपासून माझ्याकडे. बारा भोपळे मांडलेत, अन् त्यांच्यावर कीड पाळायची! जन्मभर चिरडली, आता म्हातारपणी तिचंच बाळंतपण करा.
सून म्हणते, "आई, भोपळ्यावर खवले कीड वाढली की ती खायला ढालकिडे सोडायचे. ते वाढले की लिंबांवर. मग ते झाडांवरची कीड फस्त करतील." झाडं तिनंच लावलेली, नऊ वर्षांची. फांद्या खवल्यांनी पांढऱ्या पडल्यात. फवारलं तरी औषध खवल्याखाली पोचत नाही.
किडीचं बी, म्हणजे अंडी, देणाऱ्या केंद्रातल्या बाईंनी बजावलंय – खोली सव्वीस अंशांवर हवी. दर दोन तासांनी पारा बघून वहीत लिहायचं. ते काम माझं.

६ मार्च
किडीची पिल्लं निघाली. पिवळी धूळच! फक्त चालणारी.

८ मार्च
खोली हाताला गार लागते. बोटं बधिर होतात. अन् पारा म्हणतो, बत्तीस! खोटारडा. पाच पोरांचा ताप याच हातानं पाहिला, एकदा चुकले नाही. खिडकी लावली, हीटर वाढवला. भोपळ्यावर हात ठेवून बघितलं, वहीत सव्वीस लिहिलं. पाऱ्यावर फडकं टाकलं. त्याचं थोबाडच नको.

११ मार्च
पिल्लं मेली. सगळी. फुंकर मारली तर उडतात.
सून वहीवरून बोट फिरवत राहिली. "आकडे तर बरोबर आहेत, आई. मग माझ्याच हातून काही झालं का?"
"साबणाचे हात तसेच घेऊन आत शिरतेस, दुसरं काय होणार?"
वही मिटून बाहेर गेली. बोलायला नको होतं. पण माझ्या जिभेला हाड नाही, ते काय आजचं आहे?

१२ मार्च
बाईंचा निरोप – बी आणखी एकदाच मिळेल. हेही गेलं तर झाडं तोडा, नाहीतर कीड शेजारच्या बागांत जाईल.
सून सकाळपासून हात धुतेय. साबण नाही, नुसतं पाणी. बोटांची सालं निघालीत.

१५ मार्च
नवी पिल्लं निघाली. सून आत येत नाही. म्हणते, माझ्या हाताला यश नाही. दारातूनच विचारते, "किती, आई?"
"सव्वीस."
घामानं निथळत होती. म्हटलं, "बाहेर ऊन तापलंय का गं?"
"नाही, ढग आहेत. खोलीतूनच झळ येतेय."
"तुझं वयच झालंय आता, गरम व्हायचंच!"
हसली नाही. मी हीटर आणखी एक घर वाढवला.

१६ मार्च
हीटर सरकवताना जाळीवर तळवा टेकला. जळका वास आला, तेव्हा खाली बघितलं. हा एवढा फोड! दुखत नाही. जरासुद्धा नाही.
फडकं काढलं. पारा चौतीसवर. हीटर बंद केला, खिडकी उघडली. अर्धी पिल्लं अजून चालतायत.
वहीतले सगळे सव्वीस खोडले. सुनेला हाक मारली. ती नळाकडे वळली.
म्हटलं, धुऊ नकोस. तशीच ये.