चारशे बारा ठिपके

५ फेब्रुवारी

चि. धाकटीस अ. उ. आ.

तू पाठवलेली कापसाची काडी डबीसकट नीट पोचली. गालाच्या आतून फिरवलेली दिसते, सांगितलं तसंच, शाबास. कॉलेजच्या प्रयोगशाळेत बावीस वर्षं काचसामान धुतोय, पण जंतू वाढवायची बशी आता मी एकटा तयार करतो. कुणी शिकवलं नाही, बघून बघून शिकलो. आईची, तुझी आणि माझी, तिन्ही काड्या सारख्याच पाण्यात घोळवल्या, ते पाणी सारखंच पातळ केलं, बशांवर पसरलं आणि दोन दिवस ऊबदार पेटीत ठेवलं. मग बशी पालथी घालून, प्रत्येक ठिपक्यावर पेनाची खूण करत तीनदा मोजलं. माझे एकसष्ट. आई अंथरुणाला खिळलेली, तिचे एकशे तीन. तुझे चारशे बारा.

शिपायाला तुझी बशी दाखवून म्हटलं, ओळख. तो म्हणाला, गटाराचं पाणी असणार. हसून हसून पुरेवाट झाली. तुझा नवरा तुला टाकून का गेला, हे मला आता चारशे बारा वेळा कळलं.

रागावू नकोस, सख्खा आहे म्हणून तोंडावर सांगतो. सोबत जंतुनाशक गुळण्यांच्या तीन बाटल्या आहेत. सकाळ-संध्याकाळ दोन चमचे, घड्याळ लावून अर्धं मिनिट. नंतर चूळ भरायची नाही. महिन्यावर तुझी जिभेची परीक्षा आली, तिथे असलं तोंड घेऊन बसणार का? इकडे आईला उचलून उचलून माझी कंबर गेली, ते वेगळंच.

लोभ वाढू दे, जंतू नकोत.
दादा

१४ फेब्रुवारी

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी रडले, मग आरशासमोर जीभ काढून उभी राहिले, मग स्वतःचंच हसू आलं. त्याच दिवशी गुळण्या सुरू केल्या. औषध कडूजहर आहे, पण तू मोजलंस म्हणजे चूक असणार नाही. लहानपणी तू माझ्या केसांतल्या उवासुद्धा मोजून वहीत लिहायचास.

परीक्षा बारा मार्चला आहे. मिठाच्या पाण्याचे पाच पेले, दिसायला सारखे. चाखून कमी खारटापासून जास्तीपर्यंत ओळीने लावायचे, असं तीनदा. सूपच्या कारखान्यात सहा वर्षं हंगामी चाखणारी म्हणून काढली, आता एकच कायमची जागा निघाली आहे. मी आणि माझी टेबलावरची जोडीदारीण, दोघीच उमेदवार. जमलं तर इथली झाले. नाही जमलं तर आईला सांभाळायला येईन, हा दिलेला शब्द कायम आहे.

एक विचारायचं होतं. चौथ्या दिवसापासून सूप अळणी लागतंय. हिरड्यांलगत दातांवर तपकिरी रेघही उमटली आहे. हे असंच असतं का?

तुझी माया आहेच, थोडी गोड शब्दांत कळव.
धाकटी

२४ फेब्रुवारी

चि. धाकटीस अ. उ. आ.

असंच असतं. इतके दिवस तोंडातली घाणच तुला चव पुरवत होती, ती गेल्यावर अळणी लागणारच. आता दोनाऐवजी तीन वेळा कर आणि परीक्षेपर्यंत एकही वेळ चुकवू नकोस. दातांची रेघ कोण बघतंय? तुला बघायला कोणी येणार आहे का?

आमच्या प्राध्यापक बाईंनी तुझी बशी पाहिली. पुष्कळ बोलल्या. पुस्तकी माणसं, बोलतात. पदवी असली की मोजावं लागत नाही.

काल आई दुपारभर ओल्यात पडून होती. मी कामावर, मी काय करणार? मधल्या खोलीतली खाट उन्हात टाकली आहे. उगीच आपली, ढेकूण नकोत म्हणून.

आशीर्वाद आहेत, पुरवून वापर.
दादा

१३ मार्च

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

नापास झाले. पाचातले तीन पेले मला नुसतं पाणी लागले. परीक्षक भला माणूस, म्हणाला, बाई, चूळ भरून पुन्हा बघा. पुन्हा बघितलं. सगळ्यांत खारट पेला मी दुसरा ठेवला. गेल्या आठवड्यात मी मीठ कमी आहे म्हटलं म्हणून अख्खी कढई मोरीत ओतावी लागली होती, तेव्हाच उमजायला हवं होतं. जोडीदारीण माझ्यासाठी रडली आणि कायमच्या खुर्चीत जाऊन बसली.

शब्द दिला आहे. एकतीसला येते. गुळण्या चालूच आहेत.

लोभ उरला असेल तर असू द्यावा.
धाकटी

१८ मार्च

चि. धाकटीस अ. उ. आ.

रडू नकोस. सगळ्यांच्या जिभा सारख्या नसतात. गुळण्या आता बंद केल्यास तरी चालेल. सकाळच्या गाडीने ये, म्हणजे मला कामावर वेळेत जाता येईल. अंथरूण तुझं तू आण.

बाकी क्षेम, भेटीत बोलू.
दादा

२९ मार्च

दादास,

तुमच्या प्राध्यापक बाईंचं पत्र आलं, डबीवरचा माझा पत्ता बघून. माझी बशी विद्यार्थ्यांना दाखवायला ठेवू का, अशी परवानगी मागितली आहे. निरोगी तोंड कसं असतं ते दाखवायला. त्या ठिपक्यांत त्यांना नऊ जाती दिसल्या. कमी ठिपके म्हणजे स्वच्छ तोंड, हे तुझंच शास्त्र. तोंडातले पुष्कळसे जंतू आपल्या बाजूचे असतात, काही तर रक्तदाब आवरायलाही मदत करतात म्हणे. औषध आपला-परका बघत नाही, सगळ्यांना झाडून काढतं, आणि जिभेवरून मिठाची चव पुसतं.

पुढे त्या विचारतात, परीक्षा कशी झाली? एकोणीस फेब्रुवारीला त्यांनी तुला बजावलं होतं, की तिला आजच थांबायला सांगा, तीन आठवडे आहेत, चव परत येईल. चोवीसला तू मला तीन वेळा करायला सांगितलंस.

तू परवानगी दिलीस तेव्हा मी थांबले. परवा घरी पाच पेले मांडले. तिन्ही वेळा बरोबर आले.

मी येत नाही. याच कारखान्यात कढया घासायच्या खात्यात लागले आहे. आईचे हाल होतील, ते मला कळतं. आजवर त्याच भीतीवर तू मला नाचवलंस. आता ती भीती तुझ्या घरात राहील.

आई विचारेल, धाकटी का आली नाही? खरं सांग. तिला हल्ली ऐकू कमी येतं, तेव्हा ओरडून सांगावं लागेल. खिडक्या उघड्या असू देत.

कळावे.